खारट झालीय, कस्तुरी

भाऊजींचा, म्हणजे समोरच्या कस्तुरीच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "विजूताई, कस्तुरी गेली. पहाटे," एवढं बोलून ते थांबले. हा माणूस एरवीही चार शब्दांच्या वर जात नाही, त्या दिवशी तर काय बोलणार... मी "येते" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेली मेथी निवडून संपवली. ऐकणाऱ्याला वाटेल, काय दगड बाई आहे. पण मी भाजी अर्धी टाकून धावत आले असं कस्तुरीला कळलं असतं, तर तिनं मला दारातूनच परत पाठवलं असतं. मेथी झाकून ठेवली, हात धुतले, आणि गल्ली ओलांडून समोरच्या दारात गेले. फोन भाऊजींनी केला होता, राजश्रीनं नव्हे, हेही माझ्या लक्षात आलं होतं. राजश्री ही कस्तुरीची एकुलती एक लेक. ती माझ्याशी दोन महिने बोलत नव्हती. का, ते पुढं येईलच.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'कर्करोगाशी सुरू असलेली त्यांची झुंज अखेर अपयशी ठरली.' ते वाचून माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. कोण अपयशी? कस्तुरी? ही ओळ लिहिणाऱ्याला मी ओळखत नाही, त्यानं सवयीनं लिहिली असेल, पण त्याला एकदा कस्तुरीसमोर उभं करायला हवं होतं. अहो, ती झुंजत वगैरे नव्हती. ती शेंगाची चटणी करत होती. आजार मध्ये आला तर त्याला बाजूला सरकवून चटणी करत होती. हे कुणीतरी नीट लिहायला पाहिजे, म्हणून मी बसले आहे. मी काही लेखिका नाही. शाळेच्या ऑफिसात जन्मभर नोकरी केली, तिथं पत्रं आणि अहवाल लिहिले, त्यातला निम्मा मजकूर साहेबांना बरं वाटावं म्हणून असायचा. हा मजकूर तसा नाही.

सोलापुरात आमची घरं समोरासमोर. ती अक्कलकोटकडची, लिंगायत, घरात कानडी आणि बाहेर मराठी. मी नातेपुत्याची, मला कानडी म्हणजे नुसता गोंधळ. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या गल्लीत आलो. भाऊजींची गिरणीतली नोकरी गेली तेव्हा तिनं माहेरून दगडी उखळ आणवलं आणि चटणी सुरू केली. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, यापलीकडं त्यात काही नाही. पण ती उखळात मुसळानं कांडायची, तेल सुटून गोळा चमकायला लागेपर्यंत. मिक्सरचं नाव काढलं की तिचं तोंड असं व्हायचं, जणू कुणी शिवी दिली. पुढं काम वाढलं, कांडायला दोन बायका आल्या, पण मीठ मात्र तीच घालायची, मुठीनं, आणि शेवटची चव तीच घ्यायची. चिमूटभर चटणी जिभेवर ठेवून डोळे मिटायची. मग म्हणायची, "उप्पु बरोबर." उप्पु म्हणजे मीठ, एवढं कानडी मला पहिल्या वर्षीच आलं. गल्लीतून कुणीही पुण्याला निघालं की त्याच्या बॅगेत तिची चटणी असायचीच, आणि तिलाही त्याचा भारी ताठा होता. कुणी म्हटलं की कस्तुरीबाई, थोडी कमी तिखट करा, तर ती शांतपणे सांगायची, "मग तुमी दही-साखर खावा की."

गाठ तिची तिलाच लागली. शेंगदाणे पाखडता पाखडता म्हणाली, "विजू, हितं एक दाणा लागतोय." आणि माझा हात धरून डाव्या छातीवर ठेवला. खरोखर शेंगदाण्याएवढीच होती. मी लगेच म्हटलं, काही नसेल, वयानं होतं असं. बघा, तिथूनच माझं सुरू होतं. तिनं पाखडणं पुरं केलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेली. पंधरा दिवसांत डावी बाजू काढलीसुद्धा. भेटायला आलेल्या बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या, तेव्हा ही पलंगावर बसून म्हणाली, "रडता कशाला? ज्याच्यासाठी होती ते काम राजश्री ल्हान होती तेव्हाच झालंय." त्यातल्या एकीला हसू आलं, ते तिनं खोकून लपवलं.

मग केमो. आठ डोस, दर तीन आठवड्यांनी एक. पहिले चार लाल औषधाचे. ते औषध सलाईनमधून शिरायला लागलं की ती त्याच्याकडं डोळे वटारून बघत बसायची. पहिल्या डोसनंतर दोन दिवस काही झालं नाही, म्हणून आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास आला आणि ती जी मोरीकडं धावली... लसणावर जिचं घर चाललं, तिला लसणाचा वास सोसवेना. तरी ती उखळापासून हलली नाही. नाकाला मास्क लावायची, मास्कच्या आत लिंबाची साल ठेवायची, आणि बायकांना हुकूम सोडत बसायची. डाव्या हातानं वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेवढं मात्र ऐकलं. दोन आठवड्यांनी कंगव्यात केसांचा पुंजका आला, तेव्हा तिनं भाऊजींना हाक मारून त्यांचं दाढीचं मशीन मागवलं. भाऊजींनी ते आणलं खरं. मशीन माझ्याकडं देऊन ते अंगणात जाऊन उभे राहिले. मी तिचे केस काढले. आरशात बघून ती म्हणाली, "आता मठात बसवा मला," आणि रुमाल बांधायला साफ नकार दिला. घाम येतो म्हणाली. पदर घेतला तर घेतला, नाही तर तसंच टक्कल घेऊन दारात.

तोंड आलं ते सगळ्यात वाईट. गालाच्या आत, जिभेखाली, ओठांवर फोड. सोड्याच्या पाण्यानं गुळण्या, बर्फाचे खडे चघळायचे, ज्वारीच्या कण्या गार करून ताकात कालवून द्यायच्या. रक्तातल्या पेशी उतरल्या तर डोस पुढं जातो, वजन उतरलं तरी डॉक्टर रागावतात, म्हणून खाणं हे औषधच. आणि नेमकं खाणंच जाईना. स्टीलचा चमचा तोंडात घातला की तिला जिभेवर खिळा ठेवल्यासारखं वाटायचं. मग मी गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला एक लाकडी चमचा माझ्याकडं पडून होता, तो तिला दिला. त्या चमच्यानं ती कण्या खायला लागली. एकेक घास म्हणजे एकेक डोंगर. घास गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मी बघते आहे हे दिसलं की म्हणायची, "तिकडं बघ की. मी काय सिनेमा हाय?"

तिसऱ्या डोसनंतर चवच गेली. गोड, आंबट, तिखट सगळं सारखं, सगळं लोखंड. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. चटणीचा एक मोठा घाणा केला, मीठ घातलं, चव घेतली, मीठ लागलं नाही. परत घातलं. परत लागलं नाही, परत घातलं. मग डोळे मिटून "उप्पु बरोबर" म्हणून डबे भरायला सांगितले. घरोघरी डबे गेले. मी संध्याकाळी भाकरीबरोबर घास घेतला आणि थेट मोरीत जाऊन थुंकले. मीठ नव्हे, समुद्र. शेजारच्या लक्ष्मीबाई तेलुगू, मागावर चादरी विणणाऱ्या घरातल्या, त्या कुजबुजत मला म्हणाल्या, "उप्पु..." आणि नुसता हात हलवला. त्यांच्या भाषेतही तोच शब्द. आम्ही दोघींनी ठरवलं की बोलायचं नाही. नंतर कळलं, सगळ्या गल्लीनं हेच ठरवलं होतं, कुणीही कुणाला न विचारता. जो भेटेल तो तिला सांगायचा, "कस्तुरीबाई, अशी चटणी तुम्हालाच जमते." मीसुद्धा सांगितलं. तिनं विचारलं होतं, "कशी झालीय?" मी म्हटलं, "फस्त झाली निम्मी." आणि ती हसली. इतक्या दिवसांनी मनापासून हसली, म्हणून मला वाटलं, आपण पुण्यच केलं.

त्या शनिवारी राजश्री पुण्याहून आली. तिथं ती नोकरी करते. तिला कुणी काही पढवलेलं नव्हतं. प्रवासातून आलेली पोर, भाकरी मोडली, चटणी लावली, आणि पहिल्याच घासाला म्हणाली, "आई, किती खारट. मीठ दोनदा पडलं का?" मी तिथंच बसले होते. कस्तुरीनं आधी लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती नजर मी विसरणार नाही. ऑपरेशनच्या दिवशी, केस काढले त्या दिवशी, तिच्या तोंडावर जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं.

ती उठली. डोक्यावर पदर नाही, तोंडावर मास्क नाही, पेशी उतरलेल्या, आणि हातात मोठं पातेलं. राजश्री मागून "आई, आई" करत राहिली. लक्ष्मीबाईंपासून सुरुवात करून एकेक दार वाजवलं. "डबा आणा." लोक काहीबाही बोलायला लागले की ती हात वर करायची, बोलायचं नाही, डबा आणा. सगळ्यांचे डबे भरलेले. त्या टकलावर ऊन पडलेलं, ओठ फुटलेले, आणि ही दारोदार आपलीच चटणी परत मागत फिरतेय... शेवटी माझ्या दारात आली.

"डबा आण."

"अगं, संपत आलीय."

"एवढं मीठ खाऊन माणूस जिता ऱ्हात न्हाय. आण."

मी आणला. गळ्यापर्यंत भरलेला. तिनं तो पातेल्यात रिता केला, चमच्यानं कडा खरवडल्या, आणि खाली मान घालूनच म्हणाली, "बाकीच्यांचं ऱ्हाऊ दे. त्यांना मी बिचारी वाटते. तुला कवापासनं वाटायला लागले?"

ती रिकामा डबा माझ्या हातात देऊन गेली.

चौथा डोस पुढच्या आठवड्यात होता. दोन दिवसांनी राजश्रीनं मला बोलवून घेतलं, कारण आईनं जाहीर केलं होतं की डोसला जाणार नाही. कस्तुरी उखळापाशी बसली होती. ते पातेलं तसंच शेजारी. मी समजुतीचं काहीतरी सुरू केलं, तिनं मला थांबवलं. "केस गेले, काय बिघडलं न्हाय. छाती गेली, ते पण चाललं. पण माझी जीभ गेली आणि ते समद्या गल्लीला ठाऊक, मी सोडून. आता डोस घेऊन जगायचं, आणि जगून काय, तर तुमी माझ्या तोंडावर ग्वाड बोलायचं आणि मी खरं समजून हसायचं. त्यापरास नको." हे ती ओरडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळू बोलत होती. मी काय करू, असं मी विचारलं. ते विचारताना मला रडू आलं, हे लपवत नाही.

तिनं मुसळाच्या लोखंडी टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "माझी जीभ तू हो. मी मीठ घालीन, चव तू घ्यायची. पण एक. सुळ्ळ हेळब्याड." माझं कानडी कच्चं, पण हे वाक्य मला कळलं. खोटं बोलू नको. "चटणीचं म्हण, माझं म्हण, जे इचारीन त्याचं खरं सांगायचं. एकदा जरी खोटं बोललीस, त्या दिवसापासनं डोस बंद." मी हो म्हटलं. तिनं पातेलं पुढं ओढलं. त्यात बिनमिठाचे शेंगदाणे घालून ती चटणी पुन्हा कांडली, आणि बुधवारी ती डोसला गेली.

आता माझ्यासारखीला खरं बोलायला लावणं म्हणजे काय, हे माझ्या ऑफिसातल्या लोकांना विचारा. उभ्या नोकरीत मी एकाही साहेबाला नाही म्हटलेलं नाही. पहिल्या दिवशी लाकडी चमच्यावर चटणी घेऊन तिनं माझ्यापुढं धरली. मी म्हटलं, ठीक आहे. ती म्हणाली, "ठीक म्हंजे काय? मीठ कसं, तिखट कसं, लसूण पुढं येतो का जिरं, सांग." मी भीत भीत म्हटलं, मीठ जास्त वाटतंय. मला वाटलं आता ही दुखावणार. तिनं फक्त विचारलं, "किती?" मी म्हटलं, थोडं. "थोडं न्हाय. मुठीत सांग." मी म्हटलं, अर्धी मूठ. तिनं त्या हिशोबानं दाणे वाढवले आणि कांडायला सांगितलं. बस. ना रुसवा, ना रडणं. तेव्हापासून तेच. मी काहीही वाईट सांगितलं की तिचा एकच प्रश्न, "किती?" तिला बाकी काही नको असायचं. चाखून चाखून माझ्या पोटात आग पडायची, डॉक्टरांनी मला वेगळ्या गोळ्या लावल्या, त्यावरही ती हसायची. एकदा विचारलं, "विजू, मी कशी दिसते, खरं सांग." तोवर औषधानं तिची कातडी काळवंडली होती, भुवयासुद्धा गळल्या होत्या. मी म्हटलं, "भाजलेल्या वांग्यासारखी." तिला एवढं हसू आलं की तोंडातले फोड दुखायला लागले, आणि फोड दुखताहेत म्हणून मला शिव्या देत ती पुन्हा हसली.

पुढचे चार डोस दुसऱ्या औषधाचे. त्यात उलट्या कमी, पण हाडं ठणकायची, पेशी वाढवायच्या इंजेक्शननं तर कंबर धरून बसायची. नखं काळी पडली. बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही गेल्या, नुसती बधिर. ब्लाउजचे हूक लागेनात, ते मी लावून द्यायची. चिमटीत मीठ आहे का नाही, कळेना. एकदा कढईला बोट चिकटलं आणि तिला पत्ताच नाही, मी ओरडले तेव्हा तिनं बघितलं. त्या दिवशी तिनं मुठीचा अंदाज सोडला आणि मिठाला एक पितळी वाटी ठेवली. जन्मभर वाट्या-चमचे घेऊन स्वयंपाक करणाऱ्यांची टिंगल केलेली बाई. वाटी भरताना माझ्याकडं बघून म्हणाली, "हसलीस तर बघ." असे आठही डोस झाले. एकही चुकवला नाही. आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दीड महिन्यानं, मी चव घेऊन "बरोबर आहे" म्हटल्यावर तिनं सहज चमचा स्वतःच्या तोंडात घातला. डोळे मिटले. उघडले. "बरोबर कुटलं? उप्पु कमी हाय." मी पुन्हा चाखलं. खरंच कमी होतं. आम्ही दोघी उखळाच्या दोन बाजूंना बसून वेड्यासारख्या रडलो, आणि कांडणाऱ्या बायका काय झालं म्हणून बघत राहिल्या.

तीन वर्षं चांगली गेली. केस आले, कुरळे आले, त्याचाही तिला ताठा. मग मागच्या दिवाळीनंतर पाठ दुखायला लागली, डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात राजश्रीनं माझे दोन्ही हात धरले. आजार हाडांत आणि लिव्हरमध्ये गेला होता. डॉक्टर आईला सांगायला तयार होते, हिनंच थांबवलं होतं. "काकू, आईला कावीळ आणि पाठीचं दुखणं एवढंच सांगायचं. पुन्हा डोस सुरू करायचेत, तिचा धीर सुटायला नको. तुम्ही सांगणार नाही ना?" मी नाही सांगणार म्हटलं. माझ्या तोंडून लोकांना हवं ते सहज येतं. पोरीचा चेहरा असा झाला होता की दुसरं काही बोलवलंच नाही.

आठ दिवस मी समोरच्या घरी जायचं टाळलं. नवव्या दिवशी कस्तुरीनं कांडणाऱ्या बाईला पाठवून मला बोलावून घेतलं. नेहमीसारखी चमच्यावर चटणी दिली. मी चाखली, बरोबर आहे म्हटलं, आणि ती खरोखर बरोबर होती. तिनं चमचा बाजूला ठेवला. "आता दुसरं सांग. काय निघालंय?" मी उखळाकडं बघत बसले. ती वाट बघत राहिली. घाई तिला कधीच नव्हती. मी म्हटलं, "परत आलंय. हाडांत. लिव्हरमध्ये."

"किती?"

"खूप, कस्तुरी."

तिनं मान हलवली, दोनदा. मग माझ्या पाठीवर हात ठेवला, मला धीर द्यायला. मला.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांपुढं बसली आणि तिनं त्यांनाही किती ते विचारलं. डोसनं बरं होणार नाही, झाले तर थोडे महिने वाढतील, असं त्यांनी खरं सांगितलं. ही म्हणाली, "जीभ घेऊन जाणारे म्हैने नकोत मला. दुखणं थांबवायचं तेवढं द्या." त्या थंडीत तिनं सगळं दोन-दोन घास, पण चवीनं खाल्लं. हुरडा खाल्ला, भोगीला तिळाची भाकरी आणि पालेभाज्यांचा गरगट्टा खाल्ला, खुर्चीवर बसून गड्ड्याच्या जत्रेतली भजीसुद्धा. राजश्रीला रजा टाकून यायला लावलं आणि उखळापाशी बसवलं. "हात खांद्यातनं आण की, मनगटातनं न्हाय," असं दिवसभर चालायचं.

आणि राजश्री माझ्याशी बोलायची थांबली. शेवटचं बोलली ते त्यांच्या अंगणात. "तुम्ही सांगितलं नसतं तर आईनं डोस घेतले असते. ते महिने तुम्ही घेतलेत, काकू." आतून कस्तुरीनं ऐकलं. "मी इचारलं म्हणून तिनं सांगितलं," एवढं ती म्हणाली, पण लेकीनं वळून बघितलं नाही. मी काय म्हणणार? ते महिने कदाचित खरंच होते. मी ते मोजू शकत नाही, आणि मोजायचे नाहीत असं ठरवूनही मोजते. कस्तुरीशी शेवटचं बोलणं झालं तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. माझा हात चाचपून म्हणाली, "राजश्री मिठाला लई भिते. नायतर लई घालते. बघ तिच्याकडं." मी म्हटलं, ती मला दारात उभं करत नाही. ती म्हणाली, "करंल."

मागच्या रविवारी, ती जाऊन तीन आठवडे झाल्यावर, समोरून मुसळाचा आवाज आला. मी ओट्याशी उभी होते ती तशीच राहिले. संध्याकाळी लक्ष्मीबाई मला हाताला धरून घेऊन गेल्या. गल्लीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. राजश्रीनं पहिला घाणा एकटीनं केला होता. डोळे सुजलेले, हाताला फोड आलेले. ती एकेकीच्या तळहातावर चटणी ठेवत होती आणि एकेक बाई डोळे पुसत म्हणत होती, अगदी आईच्या हाताची. अगदी तीच चव. माझ्यापर्यंत आली तेव्हा ती थांबली. मला वाटलं, पुढं जाईल. ती आत गेली आणि तो लाकडी चमचा घेऊन आली. त्यावर चटणी घेऊन तिनं माझ्यापुढं धरला, माझ्याकडं न बघता.

मी जिभेवर ठेवली. मीठ नव्हे, समुद्र.

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. लक्ष्मीबाईंनी तर डोळ्यांनी खूण केली, पोर दुःखात आहे, राहू दे. जवळजवळ तीन महिन्यांनी पोरगी माझ्यासमोर उभी होती. एक गोड शब्द बोलला असता तर ती माझ्या गळ्यात पडली असती, मला ते दिसत होतं. कस्तुरीलाही मी तेव्हा असंच हसवलं होतं.

मी म्हटलं, "खारट झालीय, राजश्री."

कुणीतरी "अगं विजू" म्हटलं. राजश्रीनं तेव्हा कुठं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं, आता हे दार कायमचं बंद. तिनं ओढणीनं नाक पुसलं.

"किती?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "चार मुठी दाणे बसतील. बिनमिठाचे." तिनं मान हलवली, दोनदा, ओढणी कमरेला बांधली आणि शेंगदाण्यांचा डबा खाली काढला. तिनं कढई ठेवली, आणि मी चमचा धुऊन हातातच धरून बसले, कारण पुन्हा चव घ्यायची होती.